तक्त्याबरोबर वजन वाढवायचा नियमही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आरोग्याच्या पानांवर हल्ली वजनी व्यायामाचे तक्ते वरचेवर येतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम करायला सांगितले आहे. त्यामुळे हा विषय आता पैलवान आणि जिमवेड्या तरुणांपुरता राहिलेला नाही आणि तक्ते येतात ते बरेच आहे. आमची तक्रार त्या तक्त्यांत जे नसते त्याबद्दल आहे. ‘स्क्वॉट, ३ सेट, १० रेप्स’ एवढे छापलेले असते, म्हणजे खांद्यावर बार घेऊन बैठक, न थांबता दहा वेळा (दहा रेप्स), अशा तीन फेऱ्या (सेट). किती वजनाने? तिसऱ्या सेटनंतर अंगात किती शिल्लक राहायला हवे? दोन सेटच्या मध्ये किती थांबायचे? आणि पुढच्या आठवड्यात हेच करताना काय बदलायचे? ही उत्तरे नसतील तर वाचकाच्या हाती व्यायामांची नुसती यादी पडते. यादी बघून प्रोग्रॅम निवडणारा व्यायामांची नावे बघतो. त्याने आधी वजन वाढवायचा नियम बघावा, मग आपले मोकळे दिवस, मग आपले अंग, आणि व्यायामांची नावे सगळ्यात शेवटी.

हा क्रम असा का, हे त्या ‘३ सेट, १० रेप्स’च्या उगमातच दिसते. १९४० च्या दशकात टॉमस डीलॉर्म या अमेरिकी लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांचे पाय पूर्ववत करताना टप्प्याटप्प्याने वजन वाढवण्याची पद्धत बसवली. १९४८ पर्यंत तिचे रूप ठरले होते: जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येते त्याच्या निम्म्याने पहिला सेट, पाऊण वजनाने दुसरा, पूर्ण वजनाने तिसरा, आणि दहाहून जास्त रेप्स निघू लागल्या की वजन वाढवायचे. आपल्यापर्यंत आकडे पोचले, नियम मात्र वाटेत गळला. तेच वजन, त्याच रेप्स, महिनोन्‌महिने करणाऱ्याचे शरीर त्या ताणाला सरावते आणि तिथेच थांबते.

नवशिक्याचा नियम अगदी साधा असावा. ठरलेले सगळे सेट नीट पूर्ण झाले की पुढच्या वेळी स्क्वॉट आणि डेडलिफ्टला (जमिनीवरून बार उचलणे) २.५ किलो वाढवायचे, बेंच (बाकावर उताणे झोपून बार छातीवरून वर ढकलणे) आणि ओव्हरहेड प्रेसला (बार डोक्यावर ढकलणे) एक ते सव्वा किलो. पहिल्या काही आठवड्यांत ताकद झपाट्याने वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था ते काम शिकते म्हणून. स्नायूंचा आकार मागून येतो. म्हणून महिनाभरात आरशात फरक दिसला नाही म्हणून प्रोग्रॅम बदलणे हा घाईचा निकाल असतो. वहीतले आकडे वर जात असतील तर प्रोग्रॅम चालला आहे.

वरच्या अंगाला छोटी वाढ का, ते आकड्यांत बघावे. १०० किलोच्या स्क्वॉटवर २.५ किलो म्हणजे अडीच टक्के. २० किलोच्या ओव्हरहेड प्रेसवर तेच २.५ किलो साडेबारा टक्के होतात. बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट सव्वा किलोची असते आणि ती दोन्ही बाजूंना लावावी लागते, म्हणून अडीच किलोहून लहान उडी घेताच येत नाही. प्रेस दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच अडकतो आणि माणूस म्हणतो, आपले खांदेच कच्चे. अर्ध्या किलोच्या प्लेट्सची एक जोडी स्वतःची असली की ही अडचण सुटते. स्त्रियांना वेगळा प्रोग्रॅम लागतो असे आम्हाला वाटत नाही. वरच्या अंगाच्या व्यायामांत लहान उडी मात्र हमखास लागते, आणि २० किलोऐवजी १५ किलोचा बार मिळाला तर उत्तम.

डंबेलचे गणित याहून वाकडे. १० किलोनंतर थेट १२.५ किलोची जोडी असेल तर एका उडीत पंचवीस टक्के वाढतात. एकाच रेपमध्ये जास्तीत जास्त किती उचलता येईल याचा अंदाज बांधायला एप्लीचे सूत्र वापरतात: वजन गुणिले (१ अधिक रेप्स भागिले ३०). ४० किलोने आठ रेप्स निघाल्या तर उत्तर येते साधारण ५१ किलो. दहा-बारा रेप्सच्या पुढे हे सूत्र ढिले पडते, तरी दिशा दाखवते. त्याच हिशेबाने १० किलोच्या डंबेलने बारा रेप्स काढणाऱ्याला १२.५ किलोने जेमतेम चार निघतील. म्हणजे ‘बारा झाल्या की पुढची जोडी उचला’ हा नियम हलक्या डंबेलला लागूच पडत नाही. तिथे ८ ते १८-२० असा रुंद पट्टा ठेवावा: आधी रेप्स वाढवत न्यायच्या, तिन्ही सेट वरच्या टोकाला पोचले की मग वजन. ३० किलोच्या पुढे हीच उडी आठ टक्क्यांवर येते आणि ८ ते १२ चा पट्टा पुरतो.

सुरुवातीचे वजन कुणी सांगून कळत नाही, ते चाचपून काढावे लागते. रिकाम्या बारने पाच रेप्स करा, मग दर सेटला ५ ते १० किलो चढवत जा. ज्या सेटमध्ये बार वर येण्याचा वेग डोळ्यांना दिसेल इतका मंदावला, त्याच्या आधीच्या वजनावर त्या दिवशीचे काम करा. रिकामा बार उचलायची लाज वाटते हे समजू शकतो, पुरुषांना जास्तच. पण जास्त वजनावरून सुरुवात केली की वाढायला जागा उरत नाही आणि तिसऱ्या आठवड्यातच भिंत लागते. त्यात स्नायूंपेक्षा कंडरा (स्नायू हाडाला जोडणारे दोर) सावकाश घट्ट होतात. पाय तयार वाटतात आणि गुडघ्याखालची कंडरा कुरकुरते, त्याचे कारण बहुधा हेच असते. नंतरच्या दिवसांचे वॉर्म-अपही वहीत लिहावे. ६० किलोचा स्क्वॉट असेल तर रिकाम्या बारने पाच-पाचचे दोन सेट, ३५ ने पाच, ४५ ने तीन, ५५ ने एक, आणि मग ६०. त्याआधी ट्रेडमिलवर घाम गाळत बसायची गरज नाही.

किती जोर लावायचा हे मोजायचा व्यवहारी मार्ग म्हणजे सेट संपल्यावर स्वतःला विचारणे: अजून किती रेप्स निघाल्या असत्या? मोठ्या व्यायामांत दोन-तीन शिल्लक ठेवाव्यात, लहान व्यायामांत एखादी. नवख्यांचा अंदाज इथे चुकतो आणि तो बहुधा एकाच बाजूला चुकतो: ‘दोन उरल्या’ म्हणणाऱ्यात कधीकधी सहाही उरलेल्या असतात. एक चाचणी करून बघावी. लेग प्रेस (पायांनी वजन ढकलायचे यंत्र) किंवा केबल रो (केबल पोटाकडे ओढायचा व्यायाम) करताना, जिथे वजन अंगावर पडण्याची भीती नाही, ‘आता दोनच उरल्या’ असे वाटेल तिथे मनातल्या मनात खूण करा आणि वजन हलायचे थांबेपर्यंत चालू ठेवा. खुणेनंतर किती निघाल्या ते मोजा. स्क्वॉट आणि बेंचवर हा प्रयोग नको.

विश्रांतीचा आकडा तर तक्त्यातून जवळजवळ नेहमीच गायब असतो. स्क्वॉट, डेडलिफ्ट, बेंच यांच्या सेटमध्ये दोन ते तीन मिनिटे, फार जड असेल तर पाच. दंड-पोटऱ्यांच्या लहान व्यायामांना एक ते दीड मिनिट. चाळीस सेकंदांत पुन्हा बारखाली जाणाऱ्याच्या रेप्स दहा, सात, चार अशा घसरतात. ताकद तिथेच असते, दम परत आलेला नसतो.

आता दिवस. आठवड्यातले किती दिवस *काढायचे आहेत* यापेक्षा गेल्या दोन महिन्यांत किती दिवस खरोखर निघाले तो आकडा धरावा. दोन किंवा तीन असतील तर दरवेळी पूर्ण अंगाचा व्यायाम. चार असतील तर दोन दिवस वरचे अंग, दोन दिवस खालचे. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी पाय असा एकेका स्नायूचा पाच-सहा दिवसांचा तक्ता छापायला छान दिसतो. पण बुधवार बुडाला की पायांची पाळी थेट पुढच्या बुधवारी येते, म्हणजे चौदा दिवसांत एकदा. आणि बुडतो तो बहुधा पायांचाच दिवस. आकार वाढवायचा असेल तर एका स्नायूला आठवड्यात दहाच्या आसपास मेहनतीचे सेट हे चांगले लक्ष्य आहे. सुरुवातीचे काही महिने पाच-सहाही पुरतात. ते दोन दिवसांत विभागले की दुसऱ्या दिवशीचे सेट ताज्या अंगाने होतात. एकाच दिवशी छातीचे अठरा सेट मारणाऱ्याचे शेवटचे आठ नुसते सोपस्कार असतात.

दोन दिवसांचा प्रोग्रॅम कसा दिसेल? पहिल्या दिवशी स्क्वॉट तीन सेट पाच रेप्सचे, बेंच प्रेस किंवा पुशअप्स तीन सेट आठचे, वाकून किंवा केबलवर रोइंग तीन सेट दहाचे, आणि शेवटी दोन्ही हातांत जड डंबेल घेऊन तीस-चाळीस मीटर चालायच्या तीन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी डेडलिफ्ट दोनच सेट पाचचे, ओव्हरहेड प्रेस तीन सेट आठचे, लॅट पुलडाउन (यंत्राचा वरचा दांडा छातीकडे खाली ओढणे) तीन सेट दहाचे आणि एक पाय पुढे ठेवून स्प्लिट स्क्वॉट, प्रत्येक पायाला दहाचे दोन सेट. मध्ये किमान दोन दिवस मोकळे. पाऊण तासापासून तासाभरात उरकते. डेडलिफ्टचे सेट कमी, कारण त्याने कंबरेचे स्नायू असे दमतात की पुढच्या स्क्वॉटच्या दिवसावरही सावट येते.

उद्दिष्टाबद्दल बोलताना बरेच वाचक ‘बॉडी टोन करायची’ म्हणतात. त्याचा अर्थ स्नायू थोडे वाढवायचे आणि वरची चरबी कमी करायची, एवढाच असतो. चरबी आहाराने उतरते. वजनी व्यायामाचे काम तेवढ्या काळात स्नायू टिकवून धरणे. म्हणून वजन उतरवताना हलक्या डंबेलने तीस-तीस रेप्स मारत सुटणे उलटे आहे. बारवरचे वजन शक्य तेवढे तसेच ठेवावे आणि सेट एक तृतीयांशाने कमी करावेत, कारण कमी खाताना झीज भरून यायला वेळ लागतो. प्रथिने रोज शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम, त्यापुढे स्नायूंसाठी मिळणारा वाढीव फायदा फारसा दिसत नाही. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हा आकडा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावा.

निव्वळ ताकद हवी असेल तर कामाचे सेट एक ते पाच रेप्सचे, कमाल वजनाच्या (जे जेमतेम एकदाच उचलता येते त्याच्या) ऐंशी टक्क्यांच्या वर, आणि तोच तो व्यायाम वारंवार. कारण ताकद बरीचशी त्या विशिष्ट हालचालीची असते. नुसता आकार हवा असेल तर सहापासून तीसपर्यंत कुठल्याही रेप्स चालतात. अट एकच: सेट थकव्याच्या जवळ जायला हवा. तीसच्या सेटमध्ये ते जवळ जाणे फार जळजळीचे असते, म्हणून आम्ही ८ ते १५ सुचवतो.

धावणे आणि वजने दोन्ही करणाऱ्यांना एक भीती घातली जाते की एकाने दुसरे खाल्ले जाते. तिचे मूळ रॉबर्ट हिक्सन यांच्या १९८० च्या प्रयोगात आहे. दोन्ही प्रकार एकत्र करणाऱ्या गटाची ताकद दहा आठवड्यांच्या शेवटी-शेवटी घसरली. पण ती माणसे आठवड्यात पाच दिवस वजने आणि सहा दिवस जोरदार सायकलिंग-धावणे करत होती. आठवड्यात दोन-तीनदा अर्धा तास धावणाऱ्याने याची धास्ती घेऊ नये. पायांचा जड दिवस आणि वेगाने धावायचा दिवस एकच ठेवावा, दोहोंत काही तासांचे अंतर असावे आणि दुसरा दिवस खरोखर हलका जावा. आज पाय, उद्या वेगाने धावणे, परवा पुन्हा पाय असे केले की एकही काम ताज्या पायांनी होत नाही.

वयाबद्दल लेखांमध्ये फार जपून लिहिले जाते; आमच्या मते जरा जास्तच जपून. मारिया फियाटारोन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये सरासरी नव्वद वर्षांच्या, वृद्धाश्रमात राहणाऱ्या दहा जणांकडून आठ आठवडे कमाल वजनाच्या ऐंशी टक्क्यांपर्यंतचे पायांचे व्यायाम करून घेतले आणि पायांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली. पुढे ऑस्ट्रेलियातल्या ‘लिफ्टमोर’ चाचणीत हाडांची घनता कमी झालेल्या, रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांनी आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, देखरेखीखाली स्क्वॉट, डेडलिफ्ट आणि ओव्हरहेड प्रेसचे पाच-पाच रेप्सचे पाच सेट कमाल वजनाच्या ऐंशी टक्क्यांच्या वर केले आणि त्यांच्या कण्याच्या हाडांची घनता सुधारली. अशा वाचकांना एक किलोच्या गुलाबी डंबेलवर बोळवून हाडांना काही कळत नाही. मात्र ‘देखरेखीखाली’ हा शब्द गाळू नये, आणि त्या स्त्रियांनाही आधी हलक्या वजनाने हालचाल शिकवली होती. पासष्टीच्या पुढे तोल सांभाळण्याचे व्यायामही हवेत. जागतिक आरोग्य संघटना ते आठवड्यात तीन दिवस सांगते. खुर्चीतून हात न टेकता वेगाने उठणे आणि सावकाश बसणे, आठ-आठचे तीन सेट, ही चांगली सुरुवात. ते सहज झाले की खुर्ची बुटकी करायची किंवा छातीशी वजन धरायचे. नियम इथेही तोच.

आता अंगाच्या बांध्याबद्दल, कारण छापील फोटोतल्या माणसासारखे दिसायच्या नादात इथे दुखापती होतात. स्क्वॉटमध्ये बार पावलाच्या मधोमध राहिला पाहिजे, नाहीतर तोल जातो. ज्याची मांडी धडाच्या मानाने लांब, त्याला तोल राखायला पुढे झुकावेच लागते. त्याला ‘पाठ सरळ उभी ठेव’ म्हणून ओरडणे व्यर्थ आहे. पाठीचा कणा ताठ राहिला की झाले, तो तिरका असला तरी चालतो. पावले जरा रुंद आणि बाहेर वळवून, किंवा छातीशी डंबेल धरून गॉब्लेट स्क्वॉट करून बघावा. वजन पुढे असले की धड आपोआप उभे राहते.

टाच उचलली जात असेल तर घोटा तपासावा. अनवाणी पावलाचा अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर ठेवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावायचा. लागला तर घोटा ठीक आहे आणि दोष दुसरीकडे शोधावा. नाही लागला तर टाचेखाली दोन सेंटिमीटरची पाचर किंवा टाच उंच असलेले लिफ्टिंगचे बूट घ्यावेत. घोट्याची लवचिकता वाढेपर्यंत व्यायाम थांबवायची गरज नाही. किती खाली बसायचे हे खुब्याच्या खोबणीच्या घडणीवरही ठरते आणि ती ताणून बदलत नाही. खाली जाताना माकडहाड आत वळून कंबर गोल व्हायला लागते त्याच्या जरा वर थांबावे. पण एकदा ठरलेली खोली वजन वाढले तरी तीच राहिली पाहिजे. दर आठवड्याला पाच किलो आणि दर आठवड्याला दोन बोटे कमी खोली, ही वाढ फक्त वहीतली. मोबाईल कंबरेच्या उंचीवर, बरोबर बाजूला ठेवून महिन्यातून एकदा एक सेट टिपला की खरे-खोटे कळते.

डेडलिफ्टमधली एक चूक तर सामानातूनच येते. पूर्ण आकाराच्या प्लेट्सचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, म्हणून बार जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर असतो. नवखा माणूस ५ किलोच्या छोट्या लोखंडी प्लेट्स लावतो, बार बराच खाली जातो, तो उचलायला पाठ गोल होते आणि ‘मला डेडलिफ्ट सोसत नाही’ असा निष्कर्ष निघतो. प्लेट्सखाली ठोकळे किंवा दुसऱ्या प्लेट्स आडव्या ठेवून बार नेहमीच्या उंचीवर आणावा. त्या उंचीवरूनही बार सुटायच्या आधीच पाठ वाकत असेल तर आणखी पाच-दहा सेंटिमीटर वर घ्यावा, पाय रुंद ठेवून सुमो पद्धत वापरावी, किंवा मध्ये उभे राहून उचलायचा षटकोनी ट्रॅप बार वापरावा. लांब हातांच्या माणसाला डेडलिफ्ट सोपा जातो आणि बेंच अवघड, कारण बेंचमध्ये बारला जास्त अंतर कापावे लागते. अशाने बेंचच्या आकड्यावरून शेजारच्याशी तुलना करू नये.

बेंचला खांदा पुढून दुखत असेल तर आधी कोपरे बघावीत. ती धडाशी काटकोनात फाकलेली असतील तर ४५ ते ६० अंशांपर्यंत आत घ्यावीत. तरीही दुखले तर डंबेल घ्यावेत, किंवा जमिनीवर झोपून प्रेस करावा, म्हणजे कोपर जमिनीला टेकून खाली जायचे थांबते. एकट्याने बेंच करणाऱ्याने रॅकच्या सेफ्टी बार (निसटलेला बार अडवणाऱ्या आडव्या दांड्या) छातीच्या जरा खाली, पण गळ्याच्या वर लावाव्यात. हात डोक्यावर नेताना कंबरेची मागे कमान होत असेल तर बारचे एक टोक कोपऱ्यात टेकवून दुसरे टोक तिरके वर ढकलावे. खांद्याला काम मिळते आणि कंबर वाचते.

वैद्यकीय बाबतीत थोडक्यात. रक्तदाब आटोक्यात नसेल, हर्निया असेल, मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर परिणाम झाला असेल, तर श्वास रोखून जड वजन उचलण्याआधी डॉक्टरांना विचारावे. श्वास रोखल्यावर रक्तदाब काही क्षण फार वर जातो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर मोजून सुरुवात करावी. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी स्नायू ठणकणे नेहमीचे आहे. सांध्यात टोचणारी, पायात उतरणारी किंवा बधिरपणा आणणारी वेदना नेहमीची नाही. पहिल्याच दिवशी शेकड्यांनी बैठका काढून दोन दिवसांनी लघवी काळपट, चहासारखी झाली तर थेट रुग्णालय गाठावे: स्नायू फुटून त्यातले द्रव्य मूत्रपिंडात जात असते.

वाढ अडली की लोक प्रोग्रॅम बदलतात. आधी झोप, जेवण आणि सेटमधली विश्रांती तपासावी, मग उडीचा आकार. तेच वजन सलग तीन वेळा पूर्ण झाले नाही तर दहा टक्के उतरवून पुन्हा चढत जावे. दोन-तीनदा असे करूनही त्याच आकड्याशी अडले तर दरवेळी वाढवण्याचे दिवस संपले. आता आठवड्याला एकदा वाढवायचे, एक दिवस जड आणि एक दिवस त्याच्या ऐंशी टक्क्यांवर हलका ठेवायचा. प्रोग्रॅम बदलायची खरी वेळ ही, आणि ती सहा आठवड्यांचे ‘चॅलेंज’ संपते तेव्हाच नेमकी येईल असे नाही.

आपल्याकडे एवढीच विनंती, की नामवंत शरीरसौष्ठवपटूचा तक्ता छापताना तो किती वर्षे व्यायाम करत आहे तेही छापावे, आणि प्रत्येक व्यायामापुढे नियमाच्या चार ओळी द्याव्यात. नमुना असा:

‘स्क्वॉट, ३ सेट ५ रेप्स, आठवड्यातून दोनदा. पहिल्या दिवशी रिकाम्या बारपासून चढत जा. वेग मंदावला की आधीच्या वजनावर परत या. सेटमध्ये तीन मिनिटे. प्रत्येक सेटअखेर दोन रेप्स शिल्लक. तिन्ही सेट पूर्ण झाले की पुढच्या वेळी २.५ किलो जास्त. तीनदा अडलात तर दहा टक्के कमी. टाच उचलत असेल तर पाचर. तोल पुढे जात असेल तर गॉब्लेट स्क्वॉट.’

एका लहान चौकटीत हे मावते. फोटो थोडा कापावा लागेल.

आपले,
वजनी व्यायाम शिकवणारे दोन प्रशिक्षक